त्याबाबत काही सांगता येत नाही

कानाउराच्या प्राथमिक शाळेत मी सतरा वर्षं कारकून होते. आमच्याकडे दर एप्रिलला बदल्या होतात. शिक्षक, उपमुख्याध्यापक, मुख्याध्यापक, कुणी सुटत नाही. मला मात्र कुणी हलवलं नाही. मी फार गुणाची होते म्हणून नव्हे, तर या टोकाच्या बंदरावर यायला दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून. त्यामुळे कुठली किल्ली कुठे आहे, कुठल्या दोन पालकांना सभेत शेजारी बसवायचं नाही आणि कुठली गोष्ट कुणाला सांगायची नाही, हे सगळं माझ्याच डोक्यात साठत गेलं. मुख्याध्यापक यायचे, तीन वर्षं माझा चहा प्यायचे आणि जायचे.

माझं आडनाव नामेकावा. लिहिताना पहिल्या अक्षराच्या डाव्या अंगाला पाण्याचे तीन थेंब द्यावे लागतात. ते दिले तर अर्थ होतो निसरडी नदी. थेंब विसरले, तर उरतं नुसतं हाड. चिझुरु नावाची एक मुलगी ते थेंब नेहमी विसरायची. तिने लिहिलेल्या प्रत्येक चिठ्ठीत मी हाडांची नदी असायचे. मी रागावले तर वर मला न्याहाळून म्हणायची, "बाई, पण तुम्ही आहातच तशा." मी आहेच तशी. साठ वर्षांत अंगाला मांस म्हणून लागलेलं नाही.

चिझुरु तिसरीत होती. शाळा सुटली की इतर मुलं पळायची आणि ही माझ्या ऑफिसात येऊन बसायची, पाच वाजेपर्यंत. काही मागायची नाही. माझ्या पेन्सिलींना टोक काढून द्यायची, मग त्यातलीच एक घेऊन गृहपाठ करायची. इतकं दाबून लिहायची की मागच्या कोऱ्या पानावरही बोट फिरवून वाचता यावं. टोकं मोडायची, पुन्हा काढायची. माझं लग्न झालं नाही, मूलबाळ नाही, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नव्हतं. पण पाच वाजता ती दप्तर उचलून निघाली की खोली मोठी वाटायला लागायची, हे मी इथे कबूल करते.

घरी का जात नाही, ते तिच्या दंडावर दिसलं. शाळेला असं काही दिसलं की खरंखोटं करत बसायचं नसतं, बालकल्याण कार्यालयाला कळवायचं असतं, कायदाच आहे. मुख्याध्यापक म्हणाले, आधी घरच्यांशी बोलून बघू. मी म्हटलं, घरच्यांशी बोलाल तर पोरीला दुसऱ्या दंडावरही बसेल. आणि फोनचा रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

बाप शिगेकी, बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. बाहेर अगदी गोड माणूस. त्या वसंतात आई नाओए मुलीला घेऊन दुसऱ्या गावी मैत्रिणीकडे पळाली होती. बाराव्या दिवशी शिगेकी दोघींना गाडीत घालून परत घेऊन आला. त्याला पत्ता कसा लागला ते कुणाला कळलं नाही. त्यानंतर नाओए कुणाशी बोलेनाशी झाली.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, दुसऱ्या तासाला ती ऑफिसच्या खिडकीशी आली आणि मुलीला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचंय म्हणाली. तिच्याकडे बघून मला कळलं की दाताचं काही नाही. मी वर्गात जाऊन चिझुरुला घेऊन आले. मागच्या दाराशी टॅक्सी उभी होती. शाळेत आम्ही सगळे आतले पांढरे बूट घालतो, बाहेरचे बूट पुढच्या दाराशी आपापल्या खणात असतात. नाओएने मुलीला तशीच, पांढऱ्या बुटांत, मागच्या दाराने ओढली. चिझुरु मागे वळून म्हणाली, "बाई, माझे बूट."

"राहू देत. मी ठेवते," मी म्हटलं.

तिला बोललेलं ते माझं शेवटचं वाक्य. लाल बूट, एकवीस नंबरचे. ते मी खणातून काढले आणि माझ्या लोखंडी कपाटात, खालच्या फळीवर ठेवले.

पुढच्या आठवड्यात पालिकेचा कागद आला. आई आणि मुलगी जिथे आहेत तो पत्ता कुणालाही कळता कामा नये, नवऱ्याला तर नाहीच नाही. शाळा बदलल्याचे कागद सीलबंद पाकिटातून शिक्षण मंडळामार्फत गेले. नवी शाळा आमच्याकडे तिघांनाच ठाऊक होती: मुख्याध्यापक, मंडळातला एक अधिकारी आणि मी. गावाचं नाव मी तुम्हालाही सांगणार नाही. एवढंच सांगते की तेव्हापासून सातच्या बातम्या संपल्या तरी मी टीव्ही बंद करत नाही. त्या गावचं उद्याचं हवामान बघते. बर्फ पडणार असेल तर वाटतं, पोरीला कुणी जाड मोजे घेतले असतील का.

शिगेकी आला तो इस्त्रीचं जाकीट घालून. घटस्फोट झालेला नाही, मी बाप आहे, मुलीवर माझा कायद्याने हक्क आहे, असं नम्रपणे म्हणाला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून तर मुख्याध्यापकांना घाम फुटला. "आम्हाला माहीत नाही," असं ते म्हणणार, एवढ्यात मी मध्ये पडले. हे मी कुठल्याशा प्रशिक्षणात शिकले होते आणि डोक्यात पक्कं बसलं होतं. माहीत नाही म्हणायचं नाही, कारण खोटं पकडलं जातं. आहे म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. एकच वाक्य म्हणायचं.

"त्याबाबत काही सांगता येत नाही," मी म्हटलं.

त्याने तेच सात वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं. मी सात वेळा तेच म्हटलं. जाताना त्याने दरवाजा हळू लावला, ते मला ओरडण्यापेक्षा भयंकर वाटलं. त्यानंतर दर एप्रिलला नवे लोक आले की पहिल्याच दिवशी, चहा ओतता ओतता, मी ते वाक्य त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचे. शिक्षक मला हसायचे. हसा म्हणावं, पण म्हणा.

आता इसोबे आजोबांबद्दल. तोराझो इसोबे, शिगेकीचे वडील, चिझुरुचे आजोबा. वय अठ्ठ्याहत्तर, जन्मभर जाळी विणली आणि दुरुस्त केली. रोज सकाळी शाळेसमोरच्या रस्त्यावर पिवळं निशाण घेऊन उभे राहायचे आणि मुलांना पलीकडे पोचवायचे. नात शाळेत होती तेव्हा उभे राहायचेच, पण ती गेल्यावरही त्यांनी एक दिवस चुकवला नाही. सगळी शाळा त्यांना आजोबा म्हणायची. मुलगा त्यांच्याच घरी राहत होता. मुलं संपली की ते थोडा वेळ निशाण गुंडाळत रस्त्याच्या वळणाकडे बघत उभे राहायचे, जणू एक जण यायचा राहिलाय.

चिझुरु गेल्यानंतरच्या पहिल्या एप्रिलला ते ऑफिसात आले. धुतलेलं जाकीट, बगलेत निशाण, हातात सुकवलेल्या बांगडा माशांचं पुडकं. माझ्या खिडकीवरून सरळ पुढे गेले आणि नव्या उपमुख्याध्यापकांपुढे कमरेत वाकून म्हणाले, माझी नात कुठल्या शाळेत गेली ते तेवढं सांगा. उपमुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळे वटारले. त्यांनी वाक्य म्हटलं. आजोबा पुन्हा वाकले आणि गेले. बांगडे ठेवून गेले.

दुसऱ्या एप्रिलला शाळेत नवी नर्सबाई आली होती. कोवळी, गोड, लगेच डोळ्यांत पाणी येणारी. आजोबांनी तिला एकटीला गाठलं. ती वाक्य विसरली आणि म्हणाली, आजोबा, ती सुखरूप आहे, तुम्ही काळजी करू नका. तिला खरं तर काही ठाऊक नव्हतं, आपलं म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलली. आजोबा पांढरेफटक पडून माझ्याकडे आले. ती नवी बाई बोलली, म्हणाले. सुखरूप आहे म्हणाली, म्हणजे तिला माहीत आहे. मला वाटलं, म्हाताऱ्याला बोट दिलं तर हात धरायला निघाला. मी त्यांना बाहेर घालवलं आणि नर्सबाईला अशी झापली की ती आठवडाभर माझ्या खिडकीवरून जाताना मान खाली घालायची. सुखरूप आहे हेसुद्धा सांगायचं नसतं. आज सुखरूप म्हणालो की उद्याचा प्रश्न असतो 'कुठे', आणि परवा कुणीतरी ते सांगून टाकतं.

तिसऱ्या एप्रिलला नवे मुख्याध्यापक आले आणि त्यांच्यामागोमाग आजोबा. तेव्हा माझा तोल गेला. मी म्हटलं, "आजोबा, दरवर्षी तेच काय? उत्तर बदलणार आहे का?"

"विचारायला काय जातं, बाई," ते म्हणाले आणि बांगडे माझ्या टेबलावर ठेवले.

एक गोष्ट मला टोचत होती आणि ती मी कुणाला बोलले नाही. ते सगळ्यांना विचारायचे. मला एकदाही विचारलं नाही. इतकी वर्षं ज्या बाईने शाळा सांभाळली, ज्या बाईजवळ त्यांची नात रोज बसायची, तिला नाही. जणू मी खिडकीची चौकट होते.

आणि माझ्याकडे तर कार्डं होती.

पहिलं त्याच वर्षी आलं, ती गेल्यावर दीड महिन्याने, एक जानेवारीला. शाळेच्या पत्त्यावर, माझ्या नावाने. पाठवणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. सशाचं चित्र होतं. आमच्याकडे दर वर्षाला एक प्राणी असतो, ते सशाचं वर्ष होतं. नाव लिहिलं होतं हाडांची नदी. वेळेत टाकलेल्या नववर्षाच्या कार्डावर टपालखातं शिक्का मारत नाही, लाखो कार्डांवर कोण मारत बसणार. त्यामुळे ते कुठून आलं हे कार्ड बघून कुणालाच कळलं नसतं. पुढच्या वर्षी ड्रॅगन, मग साप. दर वर्षी हाडांची नदी. पाचवी-सहावीतल्या मुलीला ते अक्षर येत नाही असं नाही. सही करता येत नव्हती, म्हणून तिने चूक हीच सही केली होती. मी कार्डं कपाटात, लाल बुटांच्या आत ठेवायचे. उत्तर लिहायचे नाही. दर डिसेंबरला एक कोरं कार्ड मात्र विकत आणायचे आणि तसंच ठेवायचे.

चौथं कार्ड, घोड्याचं, एक तारखेला आलं नाही. दोन, तीन, सात. माझा जीव टांगणीला लागला. अकरा तारखेला आलं. उशिरा टाकलं होतं, म्हणून त्यावर टपालाचा शिक्का होता, गावाच्या नावासकट. शाळेच्या ऑफिसात, सगळ्यांच्या टपालाबरोबर टेबलावर उताणं पडलं होतं. मी ते दोन्ही हातांनी झाकून उचललं आणि थेट लाल बुटात ठेवलं. अकरा दिवस ती मुलगी माझ्या डोळ्यांसमोर काय काय झाली होती ते मी लिहिणार नाही.

त्या मार्चमध्ये दोन गोष्टी एकदम आल्या. महिनाअखेरीला मी निवृत्त होणार होते, आणि चिझुरुचा वर्ग सहावी पास होऊन शाळा सोडणार होता. तेवीस मुलं. ती असती तर चोवीस. निरोपाच्या दिवशी सकाळी आजोबा काळा सूट घालून, त्याच्यावर पिवळं निशाण घेऊन रस्त्यावर उभे होते. पुढच्या शाळेच्या नव्या गणवेशातल्या तेवीस जणांना त्यांनी एकेक करून पलीकडे नेलं. मग नेहमीसारखे वळणाकडे बघत उभे राहिले. त्या दिवशी जरा जास्त वेळ.

समारंभ संपल्यावर ते माझ्या खिडकीशी आले. मला निरोप द्यायला आले होते. जाळ्याच्या दोऱ्याची एक पिशवी त्यांनी विणून आणली होती, भाजीबिजी आणायला. गाठी इतक्या सारख्या की यंत्राने घातल्यासारख्या. म्हणाले, आता तुम्ही पण जाणार. मी त्यांना आत बोलावलं आणि चहा दिला. चहाचा पेला त्यांनी दोन्ही हातांत धरला.  ते म्हणाले, आज चोवीस असती. आणि मग, एकवीस नंबरचे बूट होते, आता चोवीस लागत असतील.

 मी सतरा वर्षं नियम पाळले होते आणि तेरा दिवसांनी जाणार होते. हा म्हातारा किती दिवसांचा होता, देव जाणे. मी विचार केला की एक चित्र बघितल्याने काय होणार आहे. शिक्क्यावर अंगठा ठेवीन. मी कपाट उघडलं, लाल बुटातून घोड्याचं कार्ड काढलं आणि शिक्का अंगठ्याखाली दाबून त्यांच्यापुढे धरलं.

"आजोबा, हे बघा. या वर्षीचं आहे."

त्यांनी बघितलं नाही. म्हणजे एका निमिषात त्यांना कळलं ते काय आहे, आणि त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले, लहान मूल औषध बघून मिटतं तसे. पेल्यातला चहा गुडघ्यावर सांडला.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही पण?"

मला काही समजेना. मी म्हटलं की पत्ता दिसत नाही, मी झाकलाय. ते मान हलवत राहिले. डोळे मिटूनच बोलायला लागले, आणि मी तशीच कार्ड धरून ऐकत राहिले.

त्या वसंतात, पहिल्यांदा नाओए पळाली तेव्हा, जाताना ती सासऱ्याला मैत्रिणीचा पत्ता देऊन गेली होती. घरात तिचा विश्वास होता तो एवढ्याच माणसावर. अकरा दिवस त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. बाराव्या दिवशी शिगेकी त्यांच्यापुढे बसून रडला, पाया पडला, सुधारतो म्हणाला. आणि यांनी सांगितला. घर एकत्र राहावं म्हणून सांगितला. परत आणल्यावर त्या घरात काय झालं ते भिंतीपलीकडून त्यांनी ऐकलं.

"माझ्या पोटात राहत नाही, बाई. तो रडला की मी सांगतो. अजूनही सांगेन. म्हणून मला काही कळता कामा नये."

"मग दर वर्षी विचारायला का येत होतात?"

"नवी माणसं येतात ना एप्रिलला," ते म्हणाले. "शिगेकी तुमच्या तोंडी लागणार नाही, पण नव्या माणसाला गोड बोलून विचारील. म्हणून त्याच्या आधी मी जायचो. मी म्हातारा, आजोबा, मला बघून कुणालाही दया येते. मला नाही सांगितलं, तर त्याला नाही सांगणार. निजायच्या आधी दाराचं कुलूप ओढून बघतात की नाही, तसं."

मला नर्सबाई आठवली, आणि त्यांचं पांढरं पडलेलं तोंड. मी त्यांना तेव्हा बाहेर घालवलं होतं.

"तुम्हाला कधी विचारलं नाही," ते म्हणाले. "कुलपाला काय विचारायचं?"

लाज या शब्दाचा अर्थ मला साठाव्या वर्षी, माझ्याच ऑफिसात कळला. मी कार्ड मागे घेतलं. पण मी ते परत बुटात ठेवायला वळले, तेव्हा आजोबांनी हात पुढे केला. डोळे तसेच मिटलेले.

"त्याच्यावर लिहिलेलं असेल ना काही? पेन्सिलने?"

"माझं नाव आहे."

"गावाचा शिक्का कुठे आहे तिथे बोट नका जाऊ देऊ माझं. नावावर ठेवा."

शिक्का सपाट असतो, बोटाला कळत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. मी त्यांचं बोट धरून माझ्या नावावर ठेवलं. साठ-सत्तर वर्षं दोऱ्यात गाठी शोधणारं बोट. ते कागदावरून हळूहळू खाली गेलं, पहिल्या अक्षरापाशी थांबलं, पुन्हा वर आलं, पुन्हा खाली. मी डोळे पुसले तरी त्यांना दिसणार नव्हतं, म्हणून पुसले.

"अजून दाबूनच लिहिते," आजोबा म्हणाले.

 मग त्यांनी बोट उचललं, ती मूठ तशीच मिटून खिशात घातली आणि उठले. दाराशी गेल्यावर डोळे उघडले. पुढच्या एप्रिलला माझ्या जागी कोण येणार, असं त्यांनी विचारलं. ओबाता नावाची मुलगी आहे, मी म्हटलं. बघतो, म्हणाले.

निवृत्तीच्या दिवशी मी ओबाताला किल्ल्या दिल्या, लाल बूट दाखवले, हे टाकायचे नाहीत असं बजावलं आणि ते वाक्य तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. म्हातारा येईल, विचारील, एवढंच सांगितलं. का, ते सांगितलं नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आजोबा बांगडे घेऊन माझ्या घरी आले. आत आले नाहीत, उंबऱ्यातूनच म्हणाले, "पोरगी पक्की आहे. मी रडूनसुद्धा बघितलं." इतकं खूश मी त्यांना चार वर्षांत पाहिलं नव्हतं.

डिसेंबरात ते गेले. झोपेतच. अंत्यविधीला शिगेकी दाराशी बसून लोकांचे नमस्कार घेत होता. खूप वाळला होता. मी वाकले तेव्हा हळूच म्हणाला, "बाई, बाबांना माहीत होतं ना? मरेपर्यंत मला सांगितलं नाही."

त्या वेळी मला ते वाक्य म्हणावं लागलं नाही. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नव्हतं. त्यांना काही माहीत नव्हतं."

ते खरं होतं, आणि तो खोटं शोधत माझ्याकडे बघत राहिला. त्याला सापडलं नाही.

जानेवारीत मेंढीचं कार्ड आलं. ओबाताने ते एका कोऱ्या पाकिटात घालून माझ्या घरी पाठवलं, बरोबर चिठ्ठी नाही, एक अक्षर नाही. बरोबर केलं तिने. शिक्का नव्हता, पोरीने या वेळी वेळेत टाकलं होतं. हाडांची नदी. मी डोळे मिटून त्यावर बोट फिरवून बघितलं, पण माझं बोट आजोबांचं नाही. मला नुसता कागद लागला.

मग मार्च संपला, बदल्यांच्या याद्या लागल्या. शाळेत नवे मुख्याध्यापक, नवे उपमुख्याध्यापक, दोन नवे शिक्षक. पेपर वाचून मी घडी घातली आणि माझ्या लक्षात आलं की या वर्षी कुलूप ओढून बघायला कुणी नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी मुद्दाम वळण घेऊन, आजोबांच्या रस्त्यावरच्या जागेवरून शाळेत गेले. पुढच्या दाराशी बूट काढले, पाहुण्यांच्या सपाता घातल्या. हातात बांगड्यांचं पुडकं होतं. ऑफिसात मी ओबाताच्या खिडकीवरून पुढे गेले आणि नव्या उपमुख्याध्यापकांपुढे कमरेत वाकले. मी पूर्वी इथे कारकून होते, म्हटलं. इसोबे चिझुरु नावाची मुलगी होती. तिचे आजोबा वारले, ते तिला कळवायला हवं. कुठल्या शाळेत गेली ते तेवढं सांगा.

कारण चांगलं होतं. मी रात्रंदिवस विचार करून शोधलं होतं. आणि ते खोटंही नव्हतं.

उपमुख्याध्यापक तरुण होते. त्यांनी ओबाताकडे बघितलं. ओबाताने मला बघितलं, माझ्या हातातल्या पुडक्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. तिच्यामागे माझं लोखंडी कपाट होतं, कुलूप लावलेलं.

ते गाव मला ठाऊक होतं. काल तिथे पाऊस होता हेही मला ठाऊक होतं. मी फक्त कुलूप ओढून बघायला गेले होते. पण उपमुख्याध्यापकांनी तोंड उघडलं तेव्हा मी नकळत पुढे झुकले, आणि मला कळलं की आजोबा दर वर्षी इथे उभे राहून काय करत होते. नाही सांगणार, नाही सांगणार, असं ते मनात म्हणत असतील, आणि त्याच वेळी त्यांचे कान टवकारलेले असतील, की सांगितलंच तर एक शब्दही चुकू नये.

"माफ करा, बाई," ते म्हणाले. "त्याबाबत काही सांगता येत नाही."

मी पुन्हा वाकले. बांगडे टेबलावर ठेवले आणि निघाले.